बजीला अर्धामुर्धा दाखवू नका : जुन्या ब्रिटिश मालिकांच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, ज्यांच्या गोदामात त्यांच्या टेप पडून आहेत आणि जे त्या महिन्याच्या वर्गणीवर आम्हाला दाखवतात, ते सर्वजण

विषय : 'बजी' ही १९७१-७२ ची मालिका तुटक, कापलेली आणि भलत्याच मापात दाखवण्याबाबत

स.न.वि.वि.

हे सगळं मी आधी इंग्रजीत लिहून पाठवलं होतं. अभिप्रायाबद्दल आभार मानणारं, खाली कोणाचीही सही नसलेलं उत्तर आलं. म्हणून आता मराठीत आणि उघड्यावर लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाला मराठी येत नसेल तर नसो. वेम्बली, हॅरो, स्लावपासून पुण्या-नाशकापर्यंत तुमच्या वर्गण्या भरणारी मंडळी हे वाचतील, तेवढं पुरे.

झालं असं की एका स्ट्रीमिंग सेवेवर 'बजी' आली म्हणून ह्यांनी आणि मी मोठ्या हौसेनं लावली. सेवेचं नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. पडद्यावर 'भाग पहिला' असं आलं आणि सुरू झाला पाचवा. पहिले चार भाग गायब, आणि उरलेल्यांना नव्यानं एकपासून आकडे घातलेले. ज्यानं ही मालिका पूर्वी पाहिलेली नाही त्याला इथून काही उचललंय याचा पत्ताही लागू नये. चोराची मालिका दाखवताना एवढी सफाई! खुद्द बजीला हे जमलं नसतं.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना थोडक्यात सांगते. बजी म्हणजे रॉनल्ड बर्ड, लंडनच्या सोहोतला एक भुरटा. नुकताच तुरुंगातून सुटलेला आणि पुन्हा आत जायच्या सगळ्या तयारीत. लग्नाची बायको आहे, तिच्याजवळ राहत नाही. हेझेल नावाची मैत्रीण आहे, तिच्यापासून एक मूल आहे. नोकरीधंदा नाही, पण डोक्यात दर शुक्रवारी एक नवी शक्कल असते आणि ती दर शुक्रवारी अंगाशी येते. त्याच्या मानेवर कायम चार्ली एंडेलचा हात. हा चार्ली ग्लासगोकडचा, सोहोत अश्लील पुस्तकांची दुकानं आणि क्लब चालवणारा धिप्पाड इसम. नावापुढे 'एस्क्वायर' लावतो आणि आवाज न चढवता समोरच्याचा घाम काढतो. १९५९ मध्ये पॉप गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर गेलेला ॲडम फेथ हा बजी, आणि इयन कथबर्टसन हा चार्ली. लिहिणारे कीथ वॉटरहाउस आणि विलिस हॉल, दोघंही लीड्सचे, दोघंही १९२९ चे. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट. 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथेची मालिका १९६३ मध्ये हिनंच उभी केली, आणि १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'माइंडर'च्या पाठीशीही हीच होती. म्हणजे ब्रिटिश टीव्हीवरच्या दोन लाडक्या लफंग्यांना वाढवणारी बाई एकच. तिच्या नावानं पुरस्कार द्यायला तुम्ही उत्सुक असता, तिचं काम मात्र चार भाग गाळून दाखवता.

मालिका बनवली लंडन वीकेंड टेलिव्हिजननं. दोन पर्वं, एकूण २६ भाग, एप्रिल १९७१ ते जुलै १९७२. या कंपनीचे स्टुडिओ त्या वेळी वेम्बलीत होते, आमच्या तेव्हाच्या खोलीपासून पायी जाता येईल इतके जवळ. पुढे तीच जागा फाउंटन स्टुडिओ म्हणून गाजली, २०१६ अखेर बंद झाली, आणि मग तिथं नाट्यगृह आलं.

आता माझा यात काय संबंध, ते.

मी १९७० मध्ये लग्न होऊन नाशिकहून इथं आले. हे आधीपासून बस डेपोत नोकरीला होते. एक खोली, सामायिक संडास, आणि घरमालकानं भाड्यानं आणून ठेवलेला टीव्ही. टीव्हीच्या पाठीला नाणी टाकायची लोखंडी पेटी बसवलेली. फेब्रुवारी १९७१ मध्ये शिलिंग-पेन्सचा जुना हिशेब जाऊन नवे पैसे आले, तेव्हा पेटीत कुठलं नाणं चालणार यावरून जिन्यात भांडणं झालेली मला आठवतात. नाणं संपलं की चित्र चारही बाजूंनी आक्रसत मधल्या ठिपक्यात जायचं आणि चार्लीची धमकी अर्ध्यावर राहायची. मग हे खिसे चाचपायचे, मी साखरेच्या डब्यामागची नाणी काढायची, आणि पुन्हा चित्र येईतो बजीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

इंग्रजी मी शाळेत शिकले होते. पण डेपोत, बाजारात, बसमध्ये लोक बोलत ते इंग्रजी आमच्या मास्तरांनाही कळलं नसतं. ते आम्हाला शुक्रवारी रात्री कळायला लागलं. हे डेपोत चार्लीची नक्कल करत, आणि एरवी आमच्या माणसांशी कामापुरतंच बोलणारे कंडक्टर त्यावर हसत. इतर मालिकांमधलं लंडन म्हणजे हवेल्या आणि चांदीचे चमचे. बजीचं लंडन म्हणजे भाडं थकलेली खोली, उधारीवरची सिगरेट, कोणाच्या तरी कपाटात लपवून ठेवलेला कोणाचा तरी माल. तो शहर आमच्यासारखंच खालून बघत होता. आम्ही चोऱ्या करत नव्हतो, एवढाच फरक.

मालिका म्हणजे काही पोथी नव्हे, हेही सांगून टाकते. बजीचं कौतुक करणाऱ्या पुरुषांनी एकदा नुसतं हेझेलकडे लक्ष ठेवून भाग पाहावा. लिन डॅल्बीनं ती केली आहे. दर वेळी हा माणूस काहीतरी घोळ घालून येतो, आणि पोर कडेवर घेऊन दार उघडायचं तिनं. विनोद सगळा त्याच्या वाटणीला, निस्तरणं तिच्या. तरुणपणी मी बजीला हसले. आता हेझेलसाठी चडफडते. पण चडफडायला तरी ती पूर्ण दिसली पाहिजे ना?

आता तक्रारी.

पहिली अर्थातच त्या चार भागांची. ते गाळण्याचं कारण मला ठाऊक आहे : ते काळे-पांढरे आहेत. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ या काळात आयटीव्हीच्या, म्हणजे ही कंपनी ज्यात होती त्या खासगी वाहिन्यांच्या जाळ्यातल्या, तंत्रज्ञांनी वेतनाच्या वादात रंगीत यंत्रसामग्रीवर काम करायला नकार दिला. स्टुडिओत रंगीत कॅमेरे असून कार्यक्रम काळे-पांढरे निघाले. 'बजी'चे पहिले चार भाग त्यात सापडले. त्याच कंपनीच्या 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'चेही सुरुवातीचे भाग असेच आहेत, आणि अमेरिकेत ती मालिका दाखवताना तेही बहुतेक वगळले होते. म्हणजे रोग जुना आहे. रंगीत वेष्टनात काळं-पांढरं शोभत नाही म्हणून सुरुवातच फेकून द्यायची.

पण साहेब, १९७१ मध्ये रंगीत टीव्ही होता कोणाकडे? रंगीत संचांचे परवाने काळ्या-पांढऱ्यांच्या पुढे गेले ते १९७६ च्या सुमारास. या देशातल्या बहुसंख्य घरांनी 'बजी'चे सव्वीसच्या सव्वीस भाग काळे-पांढरेच पाहिले. आम्हीही. पहिल्या चारांत रंग नाही हे आम्हाला कितीतरी वर्षांनी समजलं, तेही वाचून. तेव्हा प्रेक्षकांना चालणार नाही, ही सबब आमच्या नावावर खपवू नका. शिवाय पहिल्या भागाचं नावच 'आउट'. हा इसम तुरुंगाबाहेर येतो तो तिथं. चार्लीला तो वचकून का असतो, हेझेल त्याला दारात तरी का उभं करते, हे सगळं त्या चारांत पेरलेलं आहे. पाचव्यापासून बघणाऱ्याला हा नुसता केसाळ विदूषक वाटेल. आणि कृपा करून त्यांना यंत्राकरवी रंग फासायच्या भानगडीत पडू नका. तो संप हासुद्धा या मालिकेचाच इतिहास आहे.

दुसरी तक्रार मापाची. ही मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी चित्रित झाली, चारास तीन. तुम्ही ती आजच्या लांबट पडद्यावर कडेपर्यंत ताणून भरता, म्हणजे वरून-खालून कापता. सोळास नऊचं माप बसवायला चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो. इथं नुकसान काय होतं ते नीट बघा. कथबर्टसन ताडमाड, फेथ बुटका. दोघं समोरासमोर उभे राहिले की दिग्दर्शकानं चौकट उभी वापरलेली असते : वर चार्लीचं कपाळ आणि भुवया, खाली मान वर करून बघणारा बजी, मधे सगळी भीती आणि सगळा विनोद. तुमच्या कापलेल्या चित्रात चार्लीच्या भुवयांच्या वरचं काही नाही आणि बजी हनुवटीपाशी संपतो. दोन डोकी एकमेकांशी बोलतात, बस्स. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर आमचं काही बिघडत नाही. संच मोडलाय असं समजण्याइतके आम्ही अडाणी नाही.

जोडीला तो चेहरे गुळगुळीत करण्याचा उद्योग. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर आणि रस्त्यावरचे फिल्मवर, म्हणून दोन्हींचा पोत वेगळा दिसतो. दिसू दे. सोहोतल्या भिंतींवरचा ओघळ आणि ॲडम फेथच्या डोळ्यांखालची जागरणं पुसून तुम्ही काय मिळवलंत?

तिसरी तक्रार नाजूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काही ठिकाणी ओठ हलतात आणि आवाज नाही. काही प्रसंग मधूनच उडी मारतात. आजच्या कानाला खुपेल असं बोलणं काढून टाकलेलं आहे. हे तुम्ही आमच्यासारख्यांच्या भावना जपण्यासाठी करता, असं तुमच्या धोरणाच्या पानावर लिहिलंय.

तर आमच्यासारख्यांच्या वतीनं मी सांगते. 'बजी' सुरू होती त्याच वर्षी, १९७१ मध्ये, संसदेनं नवा इमिग्रेशन कायदा मंजूर केला. त्याच्या तीन वर्षं आधी इनॉक पॉवेल या खासदाराचं बाहेरून आलेल्यांविरुद्धचं ते भाषण झालं होतं. आम्हाला बसस्टॉपवर, दुकानात, खोली भाड्यानं मागायला गेल्यावर काय काय ऐकावं लागलं ते मला कोणी पडद्यावरून ऐकवायची गरज नाही आणि माझ्यापासून लपवायचीही गरज नाही. माझी नात इथं जन्मली. तिला वाटतं, आजी जरा वाढवून सांगते. त्या काळच्या मालिकांमध्ये ते बोलणं सहजासहजी, हसत हसत यायचं, आणि तोच माझा पुरावा आहे. तो तुम्ही पुसलात तर तो काळ सभ्य होता असंच पुढच्यांना वाटणार. सुरुवातीला सूचनेची पाटी लावा, मोठ्या अक्षरात लावा, वयाची अट घाला. कात्री लावू नका.

कात्रीनं आणखी एक गोष्ट जाते. सोहोतली चार्लीची ती दुकानं भर रस्त्यात इतकी बिनघोर कशी चालतात, हा प्रश्न मालिका पाहणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट मार्क लंडनचे पोलिस आयुक्त झाले, चौकश्या लागल्या, आणि अश्लील साहित्याला आळा घालायला नेमलेल्या पथकातलेच अधिकारी सोहोच्या दुकानदारांकडून हप्ते खात होते हे कोर्टात शाबीत झालं. १९७७ पर्यंत त्यातले कित्येक गजाआड गेले. मालिका संपून पाच वर्षं झाली होती. ज्या प्रसंगांत दुकानातला माल दिसतो तेच तुम्ही आखडते घेतलेत. मग चार्ली नेमका कशाचा व्यापारी, तेलाचा?

संगीताबद्दल माझा आग्रह कमी आहे. पबमध्ये वाजणारं गाणं त्या वेळी फक्त प्रसारणापुरतं घेतलेलं असतं, आता त्याचे हक्क महाग पडतात, हे समजतं. बदला, पण बदललंय असं लिहा.

चौथी तक्रार ह्यांची. ह्यांना आता ऐकू कमी येतं, कानातलं यंत्र लावूनही टीव्हीचं बोलणं पुसट लागतं, म्हणून सबटायटलांवर सगळी भिस्त. तुमची सबटायटलं यंत्रानं उमटवलेली आहेत. बजी सोहोतली बोली झपाट्यानं बोलतो तिथं भलताच मजकूर येतो. चार्लीचं स्कॉटिश बोलणं सुरू झालं की कंसात 'अस्पष्ट' येतं आणि ते प्रसंग संपेपर्यंत तसंच राहतं. ज्या माणसाचं एकेक वाक्य लोकांनी पाठ केलं होतं त्याच्या तोंडी तुम्ही 'अस्पष्ट' घातलंत! ह्यांनी ती वाक्यं डेपोत म्हटलेली आहेत, त्यामुळे आमच्या घरी ते वाचून दाखवायच्या ऐवजी स्वतःच म्हणतात आणि मी ऐकते. पण सगळ्या घरांत असा नवरा नसतो. २०२४ च्या मीडिया ॲक्टनं मोठ्या सेवांना टप्प्याटप्प्यानं ८० टक्के कार्यक्रमांना सबटायटलं देणं बंधनकारक केलं आहे. टक्के भरायचे म्हणून यंत्राकडून काहीतरी खरडून घ्यायचं, असा त्याचा अर्थ होऊ नये.

किरकोळ तक्रारी : श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात चेपून पुढचा भाग लावता, त्यामुळे कॅमेऱ्यामागच्या माणसांची नावं कोणालाच वाचता येत नाहीत. नाशिकला माझ्या भावाकडे ही मालिका उघडतच नाही, 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' एवढंच येतं. पैसे द्यायला तो तयार आहे.

तुम्ही म्हणाल, मालिका शिल्लक आहे यातच समाधान माना. मानते, खरंच. त्या काळी दोन इंची टेप महाग, पुनर्प्रक्षेपणावर कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांची बंधनं, आणि लोक कधी घरी विकत घेऊन बघतील हे कोणाच्या स्वप्नातही नाही. म्हणून टेप पुसून पुन्हा वापरल्या. 'द ॲव्हेंजर्स' या ब्रिटिश हेरगिरीच्या मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या २६ भागांतले पूर्ण असे तीनच उरले. 'पब्लिक आय' या गुप्तहेराच्या मालिकेचे सुरुवातीचे ४१ भाग होते, त्यातले पाच. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून जास्त भाग हरवले, आणि त्यांच्यामागे जगभर लोक अजून हिंडतात. १९९३ पासून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट सापडलेल्या तुकड्यांचा कार्यक्रम करते, आणि एखादा काळपट भाग मिळाला तरी सभागृह टाळ्या वाजवतं. इथं 'बजी'चे सगळे २६ भाग पुसण्यातून वाचले. संपातून वाचले, ती कंपनी १९९४ मध्ये दुसरीच्या पोटात गेली आणि ती २००४ मध्ये तिसरीच्या, त्या घरबदलातूनही वाचले. मालिकेला तिसरं पर्व मिळालं नाही, १९७३ मध्ये फेथला मोटार अपघात झाला आणि ते राहूनच गेलं. चार्लीला नायक करून १९७९ मध्ये स्कॉटलंडमध्ये वेगळी मालिका निघाली, तीही त्या वर्षीच्या संपात अडकली. एवढं सगळं पचवून जे हातात आलं त्यातले चार भाग आता तुम्ही स्वतःहून लपवता, याचा राग येतो.

पूर्वी निदान डिस्क मिळायच्या. नेटवर्क नावाची छोटी कंपनी अशा विसरलेल्या मालिका शोधून, टेप साफ करून, काळ्या-पांढऱ्या भागांसकट बाजारात आणायची. २०२३ मध्ये ती बंद पडली, आणि तिच्या डिस्क आता जुन्या बाजारात सोन्याच्या भावानं जातात. त्यामुळे तुमच्या यादीत जे असेल तेच अस्तित्वात, अशी वेळ आली आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळात, डॉलिस हिलला, चहाच्या टेबलावर माझ्या वयाची माणसं भेटतात. बजीचं नाव काढलं की प्रत्येकाला काहीतरी आठवतं आणि कोणालाच ते पुन्हा दाखवता येत नाही.

मागण्या साध्या आहेत. पहिले चार भाग परत घाला आणि मूळचे आकडे द्या. चित्र चारास तीन ठेवा. काटछाट काढा, सूचनेची पाटी लावा. सव्वीसही भागांची सबटायटलं माणसाकडून करून घ्या, शक्यतो स्कॉटिश माणसाकडून. मालिका यादीतून काढायची असेल तर आधी कळवा, आणि तुम्हाला ती दाखवायची नसेल तर डिस्क काढणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीला रास्त दरात द्या. भारतात उघडू द्या. आणि हे पत्र कोणी वाचलंच, तर उत्तराखाली नाव लिहा.

आमची वर्षाची वर्गणी संपत आली आहे. नव्या वर्षाचे पैसे ह्यांनी वेगळे काढून ठेवलेत. 'आउट' यादीत दिसला की त्याच दिवशी भरतो. नाही दिसला तर नाही.

कळावे.

आपली,
वेम्बलीची एक जुनी प्रेक्षक